दोन टाक्यांमधलं अंतर

७ मार्च

चि. पिपाणी,

काकांचे आशीर्वाद. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो, म्हणून पत्र लिहितोय. तुला अजून या नावाने हाक मारलेली चालते ना? कारखान्यात तुला मॅडम म्हणत असतील.

मावशीच्या गाडीचं काही खरं नाही. परवा तपासनीस आला होता. वाकून खाली शिरला आणि तळाच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टोचला. ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा तो आरपार गेला. म्हणाला, "आजोबा, वरून नवरी आहे, खालून चाळण." पुढे बसणाऱ्यांच्या पायाखालचा तळ आणि दोन्ही दारांखालच्या पट्ट्या गंजून गेल्यात. जुलै संपायच्या आत नवा पत्रा पक्का जोडून दाखवायचा, नाहीतर कागद रद्द आणि गाडी भंगारात. गॅरेजवाले इतक्या जुन्या गाडीला हात लावायला तयार नाहीत. म्हणून मीच करायचं ठरवलंय.

हसू नकोस. मी सातवीपर्यंत शिकलेला शिंपी, मला ठाऊक आहे. पण कापणं आणि जोडणं एवढंच तर काम आहे.

तुझी मावशी म्हणते, "देऊन टाका भंगारात. माझ्या गुडघ्यांचंही तेच करायचंय." तिला गाडीचं काही वाटत नाही. रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन स्टिअरिंगपुढे बसते आणि पेपर वाचते, कारण विचारलं तर म्हणते घरात उजेड कमी आहे. शेडमध्ये तर दिवाच नाही.

आता मुद्द्याचं. दुकानात स्पॉट वेल्डिंगची यंत्रं बघून आलो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एक पेटीसारखं आहे, त्याला चकचकीत पडदा आणि एक लांब वायर. दुकानदार त्याचंच गुणगान गात होता. एक अगदी छोटं आहे, दोन सुयांचं. एक पायाने दाबायचं, माझ्याहून उंच. आणि कोपऱ्यात धूळ खात एक खेकड्यासारखं पडलंय. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "ते नका घेऊ, हात भरून येतील." तू गाड्यांचे सांगाडे जोडतात तिथे जोड तपासतेस. तूच सांग. चुकीचं आणलं तर दुसरं आणायची माझी ताकद नाही आणि वेळही नाही.

आणि पेट्रोलच्या टाकीचं काय? ती आधी काढायची ना?

तुझे काका


१५ मार्च

तीर्थरूप काकांना नमस्कार.

पिपाणीच म्हणा. मॅडम म्हणणारे इथे पुष्कळ आहेत आणि त्यांतला एकही माझं ऐकत नाही.

टाकी आधी काढायची, आणि ती शेडच्या बाहेर, लांब ठेवायची. मेकॅनिककडून काढून घ्या, स्वतः नाही. हे पहिलं.

आता यंत्र. आधी जोड कसा होतो ते समजून घ्या म्हणजे दुकानदार तुम्हाला फिरवू शकणार नाही. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे. वरून एक आणि खालून एक अशा तांब्याच्या टोकांनी घट्ट दाबायचे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जबरदस्त वीज सोडायची. तांब्यातून वीज सहज जाते, पण दोन पत्र्यांच्या मध्ये ती अडते. अडली की तापते. तेवढाच ठिपका वितळतो आणि निवताना तिथे दोन्ही पत्रे मिळून एक होतात.

म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबता आलं पाहिजे. पडद्याची पेटी एकाच बाजूने चिकटवते. ती पोचे बाहेर ओढायला असते, गाडीचा तळ तिच्या भरवशावर टाकायचा नाही. सुयांचं छोटं यंत्र बॅटरीच्या पातळ पट्ट्यांसाठी. पायाचं यंत्र उत्तम आहे, पण ते गाडीकडे येणार नाही, गाडीलाच त्याच्या तोंडात जावं लागेल.

तुमचा खेकडाच घ्या. मात्र तीन गोष्टी विचारा. दोन्ही पत्रे मिळून किती जाडी पेलतो. आपल्या घराच्या विजेवर चालेल का, त्यासाठी वायरमनला आणून दाखवा. आणि त्याच्या नांग्या किती लांब आहेत. दाराखाली आखूड नांगी चालते, चाकाच्या कमानीशी ती पोचत नाही. लांब नांगी पोचते, पण तिची पकड जरा सैल पडते, तेव्हा तिथे दाब वाढवावा लागतो. जिथे कुठलीच नांगी पोचणार नाही ती जागा मला कळवा, तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते गॅरेजवाल्याकडून वेल्डिंगने भरून घेऊ.

मावशीला गाडीचं काही वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंत. बरं.

पिपाणी


२६ मार्च

चि. पिपाणी,

आशीर्वाद. खेकडा घरी आला. कसा आला ते ऐक.

नांग्या पोचतील की नाही हे दुकानात बसून कसं कळणार? गाडी घरी, यंत्र दुकानात. मग मी गिऱ्हाइकाचं घेतो तसं यंत्राचंच माप घेतलं. पुठ्ठा सोबत नेला होता. नांग्या त्यावर ठेवल्या, खडूने आखल्या आणि तिथेच कात्रीने कापल्या. दुकानदार म्हणाला, "आजोबा, यंत्राला झबलं शिवताय का?" मी म्हटलं, "थंडी वाजत असेल बिचाऱ्याला." चार माणसं हसली. हसू देत.

घरी येऊन तो पुठ्ठ्याचा खेकडा गाडीला सगळीकडून लावून पाहिला. दाराखाली छान बसला. मागच्या चाकाच्या कमानीशी त्याचं कोपर अडलं. परत गेलो आणि लांब नांग्यांची जोडी मागून घेतली. वायरमनने घरातल्या वायरी पाहिल्या आणि म्हणाला, "या वायरींवर इस्त्री चालते हेच नशीब." त्याने मीटरपासून शेडपर्यंत वेगळी जाड वायर ओढून दिली. तुझी मावशी दारात उभी राहून म्हणाली, "भंगारात जायच्या गाडीसाठी घर पेटवू नका म्हणजे झालं."

मग काल दुपारी पहिला टाका घातला.

कसं लिहू? पत्र्याचे दोन तुकडे घासून लख्ख केले, मधे दुकानदाराने दिलेला, गंज न धरणारा जस्ताचा रंग लावला असता, पण हे नुसतं हात बसवायला होतं. खेकड्याने तुकडे पकडले. मी डोळे मिटून खटका दाबला. एक गुरगुरणं झालं, घरातला दिवा मिणमिणला आणि आतून आवाज आला, "अहो! काय केलंत? रेडिओ गेला!" डोळे उघडले तोवर सगळं संपलं होतं. पत्र्यावर नखाएवढा निळसर डाग, मधोमध एक बारीक खळगा. बस्स.

पिपाणी, मी जन्मभर दोन कापडं जोडली. प्रत्येक वेळी मधे तिसरं कुणीतरी लागलं. दोरा. सुती, रेशमी, कसलाही, पण दोरा हवाच. दोरा गेला की जोड गेला. आणि इथे दोराच नाही! दोन पत्र्यांनी आपापल्यातला थोडा थोडा दिला आणि त्याचाच टाका झाला. माझे हात किती वेळ त्या तुकड्यावरून फिरत होते. हे असं होतं हे तुला रोज दिसतं आणि तू कधी बोलली नाहीस?

पण तो धरेल का? दिसायला तर लिमलेटच्या गोळीएवढाही नाही.

काका


५ एप्रिल

काकांना नमस्कार.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मग सुट्टी संपायच्या आधीच मी आत गेले आणि जोडणीच्या लाइनपाशी नुसती उभी राहिले. इथे यंत्रांचे हात गाडीभोवती वाकतात, चावा घेतल्यासारखा पत्रा पकडतात, ठिणग्या उडतात, पुढे जातात. इतकी वर्षं मी फक्त चुकलेले ठिपके शोधले. बरोबर झालेल्यांकडे बघायचं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शेजारचा म्हणाला, "काय झालं? काही बिघडलंय का?" मी म्हटलं, "नाही, सगळं जुळतंय."

धरेल का, हे विचारायचं नाही, फाडून बघायचं. तुकडा शेगड्यात, म्हणजे टेबलाच्या व्हाइसमध्ये, आवळा. एक पत्रा पकडीत धरा आणि डबा उघडतो तसा सोला. टाका सुटून दोन्ही पत्रे कोरे निघाले तर तो टाका नव्हता, नुसतं चिकटलेलं होतं. पण टाका हटला नाही आणि त्याच्या भोवतीचा पत्राच फाटून आला, तर तुम्ही जिंकलात.

त्यानंतर एक लांब पट्टी करा. दाराखाली जसे टाके घालणार आहात अगदी तसेच त्यावर घाला आणि ती मला पाठवा. मी इथे सोलून पाहते. तोवर गाडीला हात लावू नका.

मला सध्या टेबलावरचं काम दिलंय. हल्ली तेलाच्या वासाने मळमळतं, सकाळी तर फारच. काळजीचं कारण नाही.

पिपाणी


१६ एप्रिल

चि. पिपाणी,

फाडला! म्हणजे फाटला नाही! कसं सांगू, उलटं बोललं तरच खरं होतं.

शेगड्यात आवळला आणि पकडीने ओढला. आधी वाटलं, हा गेला. मग हात थरथरायला लागले तरी जाईना. सगळा जोर लावला तेव्हा "टर्र" झालं आणि मी मागच्या मागे पोत्यावर बसलो. बघतो तर एका पत्र्याला गोल भोक पडलेलं आणि दुसऱ्यावर त्या भोकाचा तुकडा शर्टाच्या बटणासारखा घट्ट बसलेला. दहा जणांना विचारलं असतं तरी हेच ऐकलं असतं की जोड नेहमी कमजोर असतो. शिवणीत तर कापड उसवतं ते टाक्यापाशीच. इथे जोड अख्ख्या पत्र्याहून बळकट! मी ते बटण तुझ्या मावशीला नेऊन दाखवलं. तिने हातात घेतलं, उन्हात धरलं, पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाली, "नाळेसारखं आहे." मग लगेच, "जा, हात धुवा आधी."

सोबत पट्टी पाठवतोय. तू थांब म्हणाली होतीस, पण हात थांबेना गं. तळ आणि डाव्या दाराखालची पट्टी करून टाकलीय. चिंता करू नकोस, मी टाक्यांत कंजूषपणा केलेला नाही. अगदी एकाला एक लागून, बारीक टीप घातलीय. माझ्या हातची टीप उसवली असं म्हणत आजवर एकही गिऱ्हाईक परत आलेलं नाही. पाहशील तर थक्क होशील, मोत्यांच्या सरीसारखी दिसते.

मळमळ म्हणजे पित्त. रिकाम्या पोटी चहा पिऊ नकोस. कोरडं काहीतरी खात जा. तुझं पत्र तुझ्या मावशीने दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि शेडमध्ये जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मला विचारते, "गाडी कधी होईल?" भंगारात द्या म्हणणारी हीच बाई! मी म्हटलं, "का गं?" तर म्हणाली, "सहज." या बायकांचं काही कळत नाही.

काका


२० मे

चि. पिपाणी,

महिना उलटून गेला, तुझं उत्तर नाही. पट्टी पोचली नाही का? की माझ्या पत्रांचा तुला वैताग आला? कारखान्यात तुला कामं असतात आणि मी आपला पत्र्याचे तुकडे धाडत बसतो. गाडीला हात लावू नका म्हटलं होतंस ते मी ऐकलं नाही, म्हणून रागावलीस का? तसं असेल तर दोन शिव्या दे, पण लिही.

उजवी बाजू तशीच ठेवलीय. तुझ्या मावशीने माझ्या नकळत काचा पुसल्यात. मागच्या सीटचं कव्हर उसवून माझ्या मशीनवर आणून ठेवलंय. म्हणते, "हे नवं शिवा. मऊ असू दे." विचारलं की म्हणते सहज.

पित्त कसं आहे?

काका


२८ मे

काकांना नमस्कार.

राग नाही, वैताग नाही. पट्टी तेव्हाच मिळाली होती. मी ती पहिल्याच दिवशी सोलली आणि मग लिहायचा धीर होईना. शिवाय पाठ धरलीय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, मी रजेवर आहे. पडल्या पडल्या लिहितेय, म्हणून अक्षर असं.

काका, पहिला टाका पक्का निघाला. पत्रा फाटला, तो हलला नाही. दुसरा अर्धवट. तिसऱ्यापासून पुढचे सगळे माझ्या हातांनी सुटले, पक्कडसुद्धा लागली नाही.

तुमचा हात चुकला नाही, तुमची सवय आडवी आली. कापडात टीप जितकी बारीक तितकी पक्की, पण पत्र्यात तसं नसतं. एक टाका झाला की तिथे दोन पत्रे एक झालेले असतात, म्हणजे विजेला तयार वाट मिळते. शेजारीच दुसरा घालायला जाल तर वीज नव्या जागी अडून तापायच्या ऐवजी त्या जुन्या टाक्यातून निघून जाते. नवा उपाशी राहतो. वरून दोघे सारखेच दिसतात, तोच खळगा, तोच निळा डाग. मोत्यांच्या सरीत खरा मोती एकच.

दोन टाक्यांत निदान अंगठ्याच्या पेराएवढं अंतर हवं. गाडीचे केलेले टाके ड्रिलने उसवावे लागतील. मला माफ करा, तुम्ही इतक्या हौसेने केलंत. पण त्या तळावर मावशीचे पाय असणार आहेत.

पिपाणी


९ जून

चि. पिपाणी,

माफी तू कशाला मागतेस? तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठून शेडमध्ये गेलो. दाराखालच्या माझ्या पट्टीत छिन्नी घातली आणि हातोडीने एक हलकी टिचकी मारली. कच्ची शिवण उसवावी तशी ती टोकापर्यंत उघडत गेली. टक टक टक टक. तुझी मावशी त्यावर बसून रस्त्याला लागली असती!

उसवायला लागलो. शिंप्याला उसवण्याची लाज नसते, ती कलाच आहे. पण एक सांगायचंय. डावीकडे चुकलो होतो, म्हणून उजव्या बाजूला हात घालण्याआधी तिथला जुना रंग पूर्ण खरवडला. रंगाखाली मूळचे टाके निघाले, कारखान्यातले. बारीक खळग्यांची रांग, अगदी सरळ. अंगठा लावून पाहिला. बरोबर एक पेर, परत एक पेर, परत एक पेर. पत्रा गंजून भुगा झाला होता, पण ते खळगे होते तिथेच होते. छिन्नीला दाद देईनात. कुणी घातले असतील? त्या माणसाला ठाऊक होतं, की दोघांच्या मधे थोडी मोकळी जागा सोडली तरच दोघेही धरतात. मी गुडघ्यांवर बसून ती रांग बघत राहिलो आणि खरं सांगतो, हात आपोआप जोडले गेले.

त्या टाक्यांच्या वरच तू जन्मलीस, तुला माहीत आहे ना? तुझी आई मागच्या सीटवर, मावशी स्टिअरिंगवर, मी शेजारी. भर दुपार, रेल्वेचं फाटक बंद, मालगाडी काही संपेना. मावशी पुढून उतरून मागे गेली. किती बायांची बाळंतपणं तिने केली होती, पण सख्ख्या बहिणीचं पहिलंच. गाडी अशी हलत होती की मला वाटलं, आता हिचे तुकडे होणार. मी पाय वर घेऊन, डोळे गच्च मिटून बसलो होतो. मग तू रडलीस आणि मागचा ट्रकवाला ओरडला, "काय पिपाणी वाजवताय, फाटक बंद आहे!" तेव्हापासून तू पिपाणी. ही गाडी त्या दिवशी धरून राहिली ती या खळग्यांच्या जिवावर. मला आज कळलं.

पाठीला गरम पाण्याची पिशवी घे. मावशीला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणते.

काका

*बाळ, पाठ नाही ती. हे पित्त पित्त करत बसले, मी पहिल्याच पत्रात ओळखलं. कितवा आहे? मागे दोनदा दिवस राहिल्याचं सांगितलंस, पण गेलं ते कुणाला कळू दिलं नाहीस, नंतर कळलं. या वेळी लपवू नकोस. पाय सुजतात का, डोकं दुखतं का, रक्त गेलं का, सगळं खरं लिही. गरम पिशवी अजिबात घेऊ नकोस. हे काहीही सांगतील. — मावशी*


१८ जून

मावशी, काका,

पाचवा लागला. आता लिहिलं, म्हणजे खरं झालं असं वाटतंय. मागच्या दोन्ही वेळी सगळ्यांना सांगितल्यावर... नाही, तसं काही नसतं, मला कळतं. तरी भीती वाटली. थोडं रक्त गेलं होतं, आता थांबलंय. डॉक्टर म्हणतात धरलंय, पण पडून राहा. हे जहाजावर आहेत, तीन महिने तरी यायचे नाहीत. शेजारीण स्वयंपाक करून देते.

मावशी, तू येशील का? तुझे गुडघे बसच्या पायऱ्या चढत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून विचारत नव्हते.

काका, रोज तुमची पत्रं परत वाचते. काल पडल्या पडल्या पोटावर हात ठेवला आणि तुमचं वाक्य आठवलं. दोघांनी आपापल्यातला थोडा थोडा दिला आणि त्याचाच टाका झाला. इतकी वर्षं मी जे तपासत होते ते काय होतं, मला आत्ता कळतंय.

पिपाणी


१४ जुलै

चि. पिपाणी,

मला पित्त वाटलं! मावशी दिवसभर हसते. हसताना डोळे पुसते.

टाके घालून झाले. अंगठा ठेवायचा, खडूची खूण करायची, खेकडा लावायचा, परत अंगठा. मधे जस्ताचा रंग. दर थोड्या टाक्यांनी तांब्याची टोकं कानसून गोल केली, कारण ती चेपली की टाका पसरतो आणि पातळ होतो, हे मला फाडून फाडून कळलं. शेडमध्ये फाडलेल्या पत्र्यांचा ढीग पडलाय. सगळ्यांना बटणं आली. आतल्या कोपऱ्यात एका ठिकाणी नांगी पोचेना. गॅरेजवाला आधी नाही म्हणत होता, ढीग पाहिल्यावर भोकं भरून द्यायला स्वतः आला.

आज तपासनीस आला. स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं, हातोडीने ठोकलं, पट्टीत पहार घालून ओढलं. मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत होतो. शेवटी बाहेर आला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "कुणाकडून केलंत?" मावशी म्हणाली, "आमच्या शिंप्याकडून." तो म्हणाला, "मग माझी पँट पण घेऊन येतो, खिसा उसवलाय." आणि सही करून गेला.

गाडी रस्त्यावर यायला परवानगी मिळाली. मावशीने बॅग कधीच भरून ठेवलीय. मी विचारलं, "इतक्या लांब तू चालवशील?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चूपचाप डबे भरायला लागलो.

टाके धरतील ना गं? तपासनीस धरले म्हणतो. पण त्याने गाडीत बसून पाहिलं नाही.

काका


११ ऑगस्ट

चि. पिपाणी,

आशीर्वाद. बस वेळेवर पोचली. घर जागेवर आहे. मावशीने मला परत पाठवलं ते बरंच केलं, असं तिला सांग. "तुमची काळजी वाहू की हिची?" म्हणाली. तुमच्या दोन खोल्यांत मी सारखा पायात येत होतो हे खरं आहे. तू शिंकलीस तरी मी डॉक्टरला फोन लावायला उठत होतो.

एक गोष्ट तिथे सांगायची राहिली. तिच्यासमोर सांगवली नसती.

आम्ही निघालो तेव्हा मी नेहमीसारखा शेजारी बसलो. गाडी रस्त्याला लागली, मावशीने गिअर बदलला आणि खालून एक कंप पायात आला. त्याबरोबर मी दोन्ही पाय उचलून धरले. तळाला टेकवलेच नाहीत. मला वाटलं, माझा भार कशाला त्यावर? पोटऱ्या भरून आल्या, मांड्या थरथरायला लागल्या, तरी धरून ठेवले. मनात एकेक टाका मोजत होतो, हा धरला असेल, तो धरला असेल. तुझी मावशी समोर बघत चालवत होती. किती वर्षांनी, पण हात कसे सहज! गुडघ्यांचं नावही नाही. वाऱ्याने केस उडत होते. ती त्याच तळावर पाय रोवून बसली होती, ब्रेक दाबत होती, क्लच दाबत होती, मनातसुद्धा आणत नव्हती की खाली रस्ता पळतोय आणि मधे फक्त माझा पत्रा आहे.

मग मोठा खड्डा आला. तिला दिसला नाही. गाडी उडाली आणि धाडकन आपटली. माझ्या तोंडून काय निघालं देव जाणे. सगळं हललं, आरसा हलला, डबे पडले. आणि तळ? तळ हूं की चूं नाही.

तिने न बघता विचारलं, "अहो, कधीपासून पाय वर धरलेत?"

मी म्हटलं, "घरापासून."

ती म्हणाली, "त्या दिवशी फाटकापाशीही असेच धरले होतेत. आता ठेवा खाली."

मला वाटायचं तेव्हा तिचं लक्ष नव्हतं.

तुझ्या घरापाशी पोचल्यावर आम्ही नको नको म्हणत असताना तू खाली आलीस, एक हात पोटाला आणि एक हात गाडीला. वाकू नको म्हणून मावशी ओरडली. तरी तू दार उघडून त्या पट्टीवरून बोट फिरवलंस. एक पेर, एक पेर, एक पेर. माझ्या खिशातला खडू काढून घेतलास आणि दाराखाली बरोबरची खूण केलीस, कारखान्यात करतात तशी.

तो खडू तुझ्याकडेच राहिला. राहू दे.

मागच्या सीटचं कव्हर मऊ केलंय, आतून दुहेरी अस्तर लावलंय. मावशीने मऊ का सांगितलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. वेळ आली आणि पुन्हा एखादं फाटक बंद असलं, तरी घाबरू नका. मावशी आहे, आणि खालचा तळ धरून आहे.

मी तिथे नसेन. पण असतो तर या वेळी पाय खालीच ठेवले असते.

तुझे काका